टायरची हवा, ब्रेकचा आवाज आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की गाडीवरचा तुम्हाला सगळ्यात न पटणारा खर्च कुठला, तर पत्रांचा ढीग आला. बऱ्याच जणांनी पेट्रोलबद्दल लिहिलंय आणि ते समजू शकतं, ते पैसे दर आठवड्याला डोळ्यांसमोर जातात. पण पत्रं वाचताना मला सारखं वाटत होतं की खरा पैसा दुसरीकडूनच गळतोय, टायरमधून, उशिरा बदललेल्या ऑइलमधून, लांबलेल्या हप्त्यांमधून, आणि तिकडे कोणी बघत नाही कारण त्याचं बिल दोन-तीन वर्षांनी एकदम येतं. म्हणून यावेळी तसेच प्रश्न निवडलेत.

प्रश्न: ताई, माझी गाडी ४ वर्षांची आहे, ४२,००० किलोमीटर झालीय. दर सर्व्हिसिंगला बिल आधीपेक्षा जास्त येतं. यावेळी इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन असं बरंच काही लावलं होतं. नको म्हणायला भीती वाटते, उद्या काही झालं तर म्हणतील तुम्हीच नको म्हणालात.

उत्तर: भीती वाटणं साहजिक आहे, बोनेटखाली काय चाललंय ते आपल्याला कळत नाही आणि समोरचा रोज तेच काम करतो. पण गाडी ज्यांनी बनवली त्यांचं म्हणणं तुमच्या गाडीतच पडलेलं आहे, डॅशबोर्डच्या कप्प्यात, बहुतेक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. मॅन्युअल. त्यात मेंटेनन्स शेड्यूल नावाचा एक तक्ता असतो, इतक्या किलोमीटरला किंवा इतक्या महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, हे बदला आणि हे तपासा. आता बघा, "तपासा" लिहिलेली वस्तू गॅरेजमध्ये बऱ्याचदा "बदला" होते आणि बिल तिथंच फुगतं. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, गाडी सोडताना दाखवा आणि सांगा की यातलं या टप्प्याचं जेवढं आहे तेवढंच करायचं, बाकी काही निघालं तर आधी फोन करा. आणि जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांची यादी असलेल्या गॅरेजच्या कागदावर, सही करायच्या आधी ते वाचा, उभ्याउभ्या का होईना पण वाचा.

फोन आला की मी एकच विचारते: हे आत्ताच करायला पाहिजे, पुढच्या सर्व्हिसिंगला चालेल, की नुसतं लक्ष ठेवायचं? चांगला मेकॅनिक याचं सरळ उत्तर देतो, आणि काढलेला पार्ट दाखवा म्हटलं की त्याला रागही येत नाही.

तुमच्या यादीबद्दल. ऑइल वेळेवर बदललेल्या गाडीला इंजिन फ्लशची, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुण्याची, गरज सहसा पडत नाही, मॅन्युअलच्या तक्त्यात ते नसतंच. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा) आणि थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) यांच्या क्लीनिंगचं कारण असलं तर करा, म्हणजे गाडी उभी असताना थरथरतेय, पिकअप अडखळतोय. काहीच त्रास नसताना करू नका. एसीचा केबिन फिल्टर मात्र स्वतः बदलायला शिका, बऱ्याच गाड्यांमध्ये तो डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागेच असतो, कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली घेतला की दिसतो, दहा मिनिटांचं काम. एअर फिल्टरचंही तसंच, बोनेट उघडून चार क्लिपा काढायच्या. "एअर फिल्टर घाण झाला की अ‍ॅव्हरेज पडतो" असं सगळीकडे सांगतात ना, ते जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना लागू होतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली आताच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांवर चाचणी घेतली तेव्हा तुंबलेल्या फिल्टरनं इंधनात लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. तेव्हा फिल्टर बदला, पण घाबरून दर सहा महिन्यांनी नको.

दोन गोष्टींना मात्र कधीही नाही म्हणू नका. एक इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. दुसरं ब्रेक फ्लुइड, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यानं त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ते साधारण २ वर्षांनी बदला असं असतं. लोक पॉलिशला हो म्हणतात आणि याला पुढच्या वेळी बघू म्हणतात, मला याचं फार वाईट वाटतं.

आणि त्याच कप्प्यात एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे गेले. एवढंच. माझी गाडी ११ वर्षांची आहे आणि तिची वही पहिल्या दिवसापासूनची आहे, दोनदा तरी "कूलंट बदलायला झालंय" म्हटल्यावर ती उघडून ७ महिन्यांपूर्वीच बदललेलं दाखवलंय. पुढे गाडी विकताना पण ही वही आणि बिलांची फाइल समोर ठेवली की घेणाऱ्याची घासाघीस कमी होते.

प्रश्न: नवीन चारही टायर २५,००० किलोमीटरमध्येच गेले. दुकानदार म्हणतो महागातले घ्या. घेऊ का?

उत्तर: थांबा. आधी जुने टायर कुठे झिजलेत ते हात फिरवून बघा, फेकून दिले नसतील तर. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग चांगला आहे म्हणजे हवा कमी असायची. मधलाच पट्टा गोटा झालाय म्हणजे हवा जास्त असायची. एकच कड गेलीय, आतली किंवा बाहेरची, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलंय. जागोजागी खड्डे पडल्यासारखं लागतंय तर बॅलन्सिंग किंवा सस्पेन्शन. हे कारण काढल्याशिवाय महागातले टायर बसवलेत तर ते पण तसेच जातील, फक्त जास्त पैशांचे जातील.

सगळ्यात जास्त वेळा कारण हवाच असतं. किती भरायची तो आकडा टायरवर नसतो हो, टायरच्या बाजूला छापलेला असतो तो जास्तीत जास्त दाबाचा. आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर असतो, रिकाम्या गाडीसाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. तो आकडा थंड टायरचा आहे, म्हणजे गाडी काही तास उभी असताना किंवा एक-दोन किलोमीटरच चाललेली असताना. लांबचा प्रवास करून तापलेल्या टायरची हवा मोजली तर ती जास्तच दिसणार, तेव्हा काढून टाकलीत की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर. पंक्चर नसलं तरी टायरमधून महिन्याला १ ते २ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा आपोआप जाते, आणि बाहेरचं तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की अजून सुमारे १ पीएसआय. म्हणून ऋतू बदलताना आठवणीनं बघायचं. स्वतःचा एक साधा प्रेशर गेज घ्या, महिन्यातून एकदा सकाळी चारही टायर आणि जमलं तर स्टेपनी. माझ्या हिशोबात गाडीच्या सामानात याच्याइतके पैसे दुसऱ्या कशानं वाचवले नाहीत.

रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागांची अदलाबदल, साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला करा, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर झिजतात, स्टिअरिंगही त्यांच्यावर, ओढही त्यांच्यावर आणि ब्रेकचा जास्त भारही त्यांच्यावरच. नवीन घेताना बाजूचा ४ आकडी कोड वाचा, २३२५ असेल तर २०२५ सालातला २३ वा आठवडा. स्वस्तात मिळतात म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडलेले टायर घेऊ नका. आणि खाचांच्या तळाशी आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. इथे बचत करू नका, ओल्या रस्त्यावर तर त्याच्या कितीतरी आधीच पकड कमी झालेली असते.

प्रश्न: ब्रेक मारला की बारीक किर्रर्र आवाज येतो, पण ब्रेक लागतात व्यवस्थित. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत, म्हणजे तीन महिने, चालवू का?

उत्तर: नको, या आठवड्यातच दाखवा. मी हीच चूक केलेली आहे म्हणून इतकं ठामपणे सांगते. बऱ्याच ब्रेक पॅडवर धातूची एक छोटी पट्टी मुद्दामच बसवलेली असते, पॅड ठराविक झिजला की ती डिस्कला घासते आणि ओरडते, म्हणजे आवाज हा बिघाड नाही, निरोप आहे. मला गॅरेजमध्ये "धूळ असेल, चालवा" म्हणून सांगितलं होतं आणि मलाही तेच ऐकायचं होतं कारण तो महिना ओढाताणीचा होता. पाचेक आठवड्यांत किर्रर्र जाऊन खरखर सुरू झाली, पेडलवर पायाला जाणवायची. चाक काढलं तर पॅडचा मसाला पूर्ण संपून मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासत होती आणि डिस्कवर बोटाला लागतील एवढ्या चऱ्या पडल्या होत्या. पॅडच्या एका जोडीच्या जागी पॅड आणि दोन्ही डिस्क असा खर्च झाला, आणि त्या पाच आठवड्यांत मी मुलांना घेऊन गाडी चालवत होते ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पॅड किती राहिलाय ते पुष्कळ गाड्यांमध्ये अलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारूनही दिसतं. ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदलायची तयारी ठेवा.

प्रश्न: चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये नुसतं स्कॅन करायचेच पैसे सांगतायत. काय करू?

उत्तर: आधी दिवा कसा लागलाय ते बघा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आतलं पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो आणि तो गाडीतल्या महागड्या पार्टपैकी एक आहे, तेव्हा वेग कमी करून लवकरात लवकर गाडी थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरू नका. पेट्रोलची टाकी उघडून झाकण नीट, टक-टक आवाज येईपर्यंत, बसवा. झाकण सैल राहिलं की वाफ निसटते आणि काही गाड्यांमध्ये तेवढ्यानंही दिवा लागतो, झाकण लावल्यावर दोन-चार दिवस गाडी चालली की तो आपोआप जातो.

तरी नाही गेला तर स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. त्यात लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र मिळतं, एक-दोनदा स्कॅन करायच्या पैशांत येतं, मोबाईलवर कोड दिसतो. फक्त एक लक्षात ठेवा, कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी०४२० आला म्हणजे कन्व्हर्टरचं काम कमी दिसतंय एवढंच, कारण ऑक्सिजन सेन्सर असेल किंवा कुठेतरी एक्झॉस्टला गळती असेल. कोड बघून थेट पार्ट मागवणाऱ्यांचे पैसे फार वाया जातात, आणि हे गॅरेजवाल्यांकडूनही होतं, म्हणून "कोड हा आलाय, पण तपासून काय निघालं?" असं नक्की विचारा.

प्रश्न: आमच्या गाडीला साधं पेट्रोल चालतं, पण अधूनमधून प्रीमियम टाकलं तर इंजिनचं आयुष्य वाढतं का?

उत्तर: नाही. प्रीमियम म्हणजे सहसा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, आणि ऑक्टेन आकडा म्हणजे दाबाखाली इंधन वेळेआधी पेटू नये याची क्षमता. ज्या इंजिनात दाब जास्त असतो त्याला ती लागते, तुमच्याला नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते टाका आणि वाचलेल्या पैशांत ऑइल वेळेवर बदला. उलट ज्यांच्या मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेन आवश्यक आहे असं लिहिलंय त्यांनी साधं टाकून बचत करू नये.

प्रश्न: उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडली की पेट्रोल वाचतं असं वडील म्हणतात. एसी बंद ठेवायचा का, तेही सांगा.

उत्तर: वडिलांचं त्यांच्या काळच्या गाडीसाठी बरोबर होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर इंधन बंदच करतो. न्यूट्रल केलीत की इंजिन स्वतःच्या जोरावर चालू ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय इंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड झिजतात आणि ते धोक्याचंही आहे. गिअरमध्येच उतरा, वडिलांना पण सांगा.

एसीनं इंधन जातं, पण गावातल्या वेगात काचा उघड्या ठेवल्या तर फार फरक पडत नाही आणि हायवेवर काचा उघडल्या की वारा गाडीला मागे ओढतो, तिथे एसी लावा खुशाल. खरी बचत वेगात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीपेक्षा जास्त होतो. टपावरचा कॅरिअर वर्षभर रिकामा लावून फिरणारे लोक तर दर किलोमीटरला त्याचं भाडं भरत असतात, काम झालं की काढून ठेवा. कोणाची वाट बघत उभे असाल तर इंजिन बंद करा, १० सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर पुन्हा स्टार्ट करायला लागतं त्याहून जास्त इंधन चालू ठेवण्यात जातं.

प्रश्न: पहिलीच गाडी घेतोय. नवीन ७ वर्षांच्या हप्त्यावर बसते, कारण हप्ता कमी येतो. की ३-४ वर्षांची जुनी घेऊ? घरात रोज वाद चाललाय.

उत्तर: मी जुन्याच्या बाजूची आहे, आधीच सांगते. गाडीचा सगळ्यात मोठा खर्च पेट्रोल नाही, सर्व्हिसिंग नाही, तो घसारा आहे, म्हणजे गाडी उभ्याउभ्या किंमत गमावते तो. ढोबळमानानं पहिल्याच वर्षी किमतीचा पाचवा हिस्सा जातो आणि ५ वर्षांत जवळपास निम्मी किंमत उतरते, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. ३-४ वर्षांची घेतलीत तर हा मोठा उतार आधीच्या मालकानं भरलेला असतो आणि गाडीत चांगली दहा वर्षं उरलेली असतात.

आता हप्ता. १०० उसने घेतले आणि वर्षाला १० टक्के व्याज धरलं, तर ५ वर्षांत तुम्ही साधारण १२७ भरता, ७ वर्षांत जवळजवळ १४०. हप्ता कमी दिसतो पण व्याज २७ चं ४० होतं. त्याहून वाईट म्हणजे मधल्या वर्षांत बऱ्याचदा कर्ज जास्त आणि गाडीची किंमत कमी अशी अवस्था येते, गाडी विकून पण कर्ज फिटत नाही. ५ वर्षांत बसत नसेल तर ती गाडी सध्या आपल्यासाठी मोठी आहे, असं घरात शांतपणे बोला.

जुनी घेताना पैसे देण्याआधी आपल्या ओळखीच्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासून घ्या. गाडी थंड असतानाच बघायला जा, आधीच गरम करून ठेवली असेल तर का केली ते विचारा, थंड स्टार्टला जो धूर आणि खडखडाट असतो तो गरम इंजिनात लपतो. डिपस्टिक काढून ऑइल बघा, ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधट साय असेल तर आत पाणी जात असण्याची शंका घ्या. (फक्त जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत थोडी साय वाफेमुळेही येते, पण ते मेकॅनिकला ठरवू दे.) टायमिंग बेल्टची (इंजिनातले वॉल्व्ह वेळेवर उघडझाप करणारा पट्टा) गाडी असेल तर बेल्ट कधी बदललाय त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किमतीतून तेवढे पैसे कमी करायला सांगा, कारण अनेक इंजिनांमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बेल्ट बदलताना वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही त्याच वेळी बदला, सगळं खोलायची मजुरी एकदाच पडते.

प्रश्न: १२ वर्षांच्या गाडीचा क्लच गेलाय, सस्पेन्शनचंही काम सांगितलंय. खर्च गाडीच्या आत्ताच्या किमतीच्या निम्मा आहे. सगळे म्हणतात विकून टाका. मला ती सोडवत नाही, पण भावनेच्या भरात पैसे घालवायचे नाहीत.

उत्तर: सगळे हा खर्च गाडीच्या किमतीशी लावून बघतायत, आणि मला वाटतं तिथेच हिशोब चुकतोय. तुम्ही गाडी विकलीत तर पायी थोडेच फिरणार, दुसरी घेणार. तेव्हा हा खर्च दुसऱ्या गाडीच्या एका वर्षाच्या खर्चाशी लावा, हप्ते, जास्त विमा, पहिल्या वर्षाचा घसारा, सगळं धरून. बहुतेक वेळा दुरुस्ती त्याच्यासमोर लहान निघते, आणि क्लच एकदा बदलला की नीट चालवल्यास पुन्हा कित्येक वर्षं बघावा लागत नाही. (सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहू नका आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक वापरा.)

पण थांबायचं कुठे हे पण सांगते. गाडी लिफ्टवर घेऊन चॅसी आणि खालचा पत्रा बघा. क्लच, शॉक अ‍ॅब्झॉर्बर, बॅटरी, हे बदलता येतं, पण मुख्य सांगाड्याला गंज खोलवर गेला असेल तर त्यावर पैसे घालू नका, ती गाडी सुरक्षित राहिलेली नाही. इंजिन ऑइल पीत असेल, म्हणजे दर हजार किलोमीटरला डिपस्टिकवर पातळी ठळक खाली जात असेल, गिअरबॉक्सही आवाज करत असेल आणि वर आता हा क्लच, तर मात्र विका. आणि रस्त्यात बंद पडली तर तुमची नोकरी अडते का, घरात आजारी माणूस आहे का, हेही धरा, ते पैशांत मोजता येत नाही पण खर्चच आहे.

तुमच्याकडे मागच्या दोन वर्षांची बिलं असतील तर आज संध्याकाळी बसून नुसती बेरीज करा आणि २४ नं भागा. महिन्याचा जो आकडा येईल त्यात ही दुरुस्ती पुढच्या तीन वर्षांवर पसरून मिळवा, आणि मग नव्या गाडीच्या हप्त्याशेजारी लिहा. बिलं नसतील तर गॅरेजमध्ये मागा, जुनी जॉब कार्डं त्यांच्याकडे बऱ्याचदा असतात. आकडे आले की मला कळवा, पुढच्या अंकात आपण दोघं मिळून तो हिशोब पूर्ण मांडू.